ते कॅमेऱ्याचं आहे, बाई

मी काढलेल्या व्हिडिओंपैकी जो सगळ्यांत जास्त लोकांनी पाहिला, तो मला स्वतःला पाहवत नाही. पाऊण मिनिटाचा आहे. बस स्टँडवर, चहाच्या टपरीवर कुणाच्या ना कुणाच्या फोनवर तो अजून मधूनच वाजतो. मागे ढोलाचं संगीत जोडलेलं आहे, त्यामुळे न बघताही ओळखू येतो. ऐकला की चहा अर्धा राहिला तरी मी उठून जातो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. गडचिरोलीची हद्द तिथून जवळच. लग्न, साक्षगंध, आमच्या विहारातले कार्यक्रम, चौदा एप्रिलची मिरवणूक, शेजारच्या मंडळाचा गणपती, कार्यक्रम कोणाचाही असो, शूटिंगला मीच. काही वर्षांपूर्वी लग्नात ड्रोन नसला तर पाहुण्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा मीही एक घेतला. नवरदेव मंडपाकडे येताना वरून, हार घालताना वरून, जेवणाच्या पंगती वरून. लोकांना आपलं गाव वरून बघायला फार आवडतं.

ड्रोनच्या चित्रात मात्र एक खोड होती. "हे गवत उकळून राह्यलं का गा?" असं एका नवरीच्या बापाने मला विचारलं होतं. सगळे हसले, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. लॉनचं गवत, नदीची वाळू, वाळलेला पाला, असलं बारीकबारीक काही चित्रात आलं की ते जागच्या जागी थरथरायचं. सेकंदभर धूसर होत जायचं आणि मग झटका बसल्यासारखं एकदम स्पष्ट व्हायचं. पुन्हा धूसर, पुन्हा झटका.

कारण मला माहीत होतं. असा कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण लिहून ठेवत नाही, तेवढी जागाच नसते. तो एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय हललं, काय बदललं, तेवढं टिपतो. बाकीचं मागच्यावरून अंदाजाने भरतो. थोड्या वेळाने पुन्हा एक पूर्ण चित्र येतं, तेव्हा तो झटका बसतो. बारीक गोष्टी जितक्या जास्त तितका अंदाज चुकतो. लाल रंगाचे हाल तर विचारूच नका, कारण रंगाच्या बाबतीत हे कॅमेरे फार कंजूष. नवरीचा लाल शालू वरून काढला की त्याच्या कडा शेजारच्या माणसांवर सांडल्यासारख्या दिसायच्या.

चित्राचा दर्जा वाढवायची सोय सेटिंगमध्ये होती. मीच तो खाली ओढून ठेवला होता. फाइल लहान झाली की लोकांच्या फोनवर पटकन जाते, कार्ड लवकर भरत नाही, माझा जुना कॉम्प्युटर अडकत नाही. कुणी तक्रार केलीच तर माझं उत्तर ठरलेलं होतं. "ते कॅमेऱ्याचं आहे." त्यापुढे लोक विचारत नाहीत. यंत्राचं नाव घेतलं की माणूस गप्प बसतो, हे मला धंद्यात कळलं होतं आणि त्याचा थोडा माजही होता.

एप्रिल लागला होता. सकाळी साडेसातच्या सुमारास रेंजर साहेबांचा फोन आला. त्यांच्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं, तेवढीच ओळख. "ड्रोन घेऊन या, लगेच. आमचा ड्रोन दुसऱ्या रेंजमध्ये आहे, यायला दुपार होईल. मोहा वेचायला गेलेली एक बाई सापडत नाही. वाघ आहे तिथं." ड्रोनच्या परवानगीचं पोलिसांना मी कळवतो, तुम्ही फक्त निघा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पोहोचलो तेव्हा जंगलाच्या तोंडाशी अर्धं गाव जमा झालं होतं. वनखात्याची जीप, पाच-सहा वनरक्षक, आणि मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवणारा आमच्याच तालुक्याचा एक पत्रकार. जीपच्या चाकाजवळ एक बाई उकिडवी बसली होती. पन्नाशीची, काटकुळी, पुढ्यात मोहफुलांची टोपली. हरवलेल्या बाईची ती जाऊ. पळताना टोपली तिच्या कडेवर तशीच राहिली होती, आणि आता ती सोडून तिला उठवतही नव्हतं. साहेबांनी मला तिच्याकडून सगळं ऐकून घ्यायला सांगितलं.

"आमी चौघी होतो," ती म्हणाली. "उजाडलं होतं चांगलं. माही जाऊ आमच्या पुढं होती, पंधरा-वीस कदमावर. मधातल्या झुडपातून तो उठला. तिच्यात अन् आमच्यात तो. आमी तिघी गावाकडं पळालो. तिले गावाकडं येताच आलं नाई, ती तिकडंच पळाली, कुसुमाकडं. मोठं लाल कुसुमाचं झाड हाये तिथी. मी डोळ्यानं पाह्यलं."

"नक्की कुसुमाकडंच?"

"मी या जंगलात लग्न होऊन आल्यापासून येऊन राह्यली, भाऊ. कुसुम मले समजते."

ताजे पंजे वनरक्षकांनी पाहिले होते. त्यामुळे साहेब गावकऱ्यांना आत सोडायला तयार नव्हते, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आधी वरून बघू, वाघ कुठे आहे ते कळलं की माणसं आत घालू, असं ठरलं.

मी ड्रोन सोडला. एप्रिलमध्ये आमचं सागाचं जंगल उघडं पडलेलं असतं. वर पानं नसतात, खाली वाळलेल्या पाल्याचा जाड थर, आणि मधे हजारो बारीक काड्या. वरून बघायला सोपं जाईल असं कुणालाही वाटेल. पण या कॅमेऱ्याला याहून वाईट काही देता येणार नाही. स्क्रीनवर सगळं जंगल उकळत होतं. त्यात झाडांमुळे सिग्नल कमी-जास्त झाला की चित्राचे चौकोन पडत होते. उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून एका वनरक्षकाने माझ्या डोक्यावर दुपट्टा धरला. त्या दुपट्ट्याखाली साहेब, पत्रकार आणि मी डोकी घालून उभे. मागून लोक वाकून बघत होते.

पहिल्याच मिनिटाला कुणीतरी ओरडलं, "हालला! तो पाहा, वाघ!" गर्दी मागे सरली. मी ड्रोन तिथेच थांबवला. काही नव्हतं, पाला थरथरत होता. मग मी साहेबांना समजावून सांगितलं, पूर्ण चित्र, अपूर्ण चित्र, झटका. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि मागे वळून मोठ्याने म्हणाले, "उगाच कोणी ओरडायचं नाही. काय खरं, काय खोटं ते यांना कळतं."

ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं. एक बाई वाघाच्या तोंडासमोरून पळालेली, तिची जाऊ पायाशी बसलेली, आणि मला बरं वाटत होतं. हे लिहितानाही किळस येते, पण वाटलं ते वाटलं.

कुसुम सापडायला वेळ लागला नाही. त्या दिवसांत कुसुमाला नवी पालवी फुटते, ती हिरवी नसते, लालभडक असते. करड्या जंगलात पेटल्यासारखं एकच झाड. मी त्याच्यावर ड्रोन नेला. स्क्रीनवर त्या झाडाचा नुसता लाल लगदा झाला होता. एकेक सेकंदाला तो लगदा फुगायचा आणि विरघळायचा.

जाऊ एव्हाना उठून माझ्या कोपराजवळ आली होती. "थांबव, भाऊ. तिथी हालून राह्यलं."

"कुठं?"

"तिथी, झाडात. लाल लाल."

"पालवी आहे ती."

"पालवी अशी हालत नाई. हवा कुठी हाये?"

मी बघितलं. झाडाच्या डाव्या अंगाला, वरच्या फांदीपाशी, लालात लाल काहीतरी झटका देऊन दिसत होतं आणि मिटत होतं. पण तसं तर सगळ्या झाडात होत होतं. "ते कॅमेऱ्याचं आहे, बाई," मी म्हणालो आणि ड्रोन पुढे नेला.

पुढे नाल्याच्या काठी, पिवळ्या गवतात मला एक पिवळसर डाग दिसला. लांबट, एका बाजूला गडद. चौकोन पडलेले होते म्हणून कडा कळत नव्हत्या. गंमत बघा, झाडातलं हलणं कॅमेऱ्याचं होतं, पण हा डाग मात्र मला खरा वाटला. कारण तो मला सापडला होता. "साहेब, हे बघा," मी म्हणालो. साहेब वाकले. पत्रकाराने लगेच आपल्या फोनवर माझं शूटिंग सुरू केलं. तिघा वनरक्षकांना जीपने लांबून वळसा घालून नाल्याच्या पलीकडे पाठवलं. बॅटरी बदलायला ड्रोन खाली घेताना मी पुन्हा कुसुमावरून आणला.

"पाहा, पाहा!" जाऊने माझं मनगटच धरलं. "तिचं लुगडं लाल होतं आज. तिचंच हाये ते."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात सोडवून घेतला आणि शहाण्या माणसाने समजूत घालावी तशी तिची समजूत घातली. "बाई, घाबरल्यावर डोळ्याला तसं दिसतं. या कॅमेऱ्यात लाल रंग असाच दिसतो. मी रोज बघतो." साहेबांनीही तिला बाजूला बसवायला सांगितलं. कुणीतरी तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

नाल्यापलीकडे पोहोचून, सावधपणे पुढे सरकत, वनरक्षकांना तो डाग सापडायला दीड तास गेला. ते वारूळ होतं. अर्धं ढासळलेलं, एका बाजूने सावलीत. वॉकीटॉकीवर "वारूळ आहे, साहेब" असं आलं तेव्हा माझ्या डोक्यावरचा दुपट्टा धरणाराही हसला नाही.

तिसऱ्यांदा मी कुसुमावरून गेलो तो परतीच्या वाटेवर. बॅटरी संपत आली होती म्हणून थांबलोही नाही. या वेळी जावेने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपली उचलून गर्दीतल्या बायांकडे गेली. तिथे दोन-तीन वाक्यं झाली असतील. मग बायाच बाया वेगळ्या निघाल्या. कुणी काठ्या घेतल्या, कुणी तेलाचा रिकामा पिपा. एकीच्या हातात घरून आणलेली परात होती.

"कुठं निघालात?" साहेब आडवे झाले. "वाघ आहे आत!"

"हाये त हाये," जाऊ म्हणाली. "तुमी यंत्र पाहत बसा. आमी माह्या जावेले आनतो."

"मी जाऊ देऊ शकत नाही. काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येते."

"मंग सोबत चाला न. का गोळी घालता मले?"

तीसेक बाया एकदम पिपे वाजवत पुढे गेल्या. साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग ते आणि उरलेले वनरक्षक त्यांच्या पुढे पळाले. मीही गेलो. ड्रोनची बॅग पाठीला तशीच. का गेलो ते सांगता येत नाही. बहुतेक मागे एकटा उभा राहण्याची लाज वाटली.

वीस मिनिटांची वाट होती. वीसच. सकाळपासून आम्ही सगळे तिथून वीस मिनिटांवर दुपट्ट्याखाली डोकी घालून उभे होतो.

ती कुसुमाच्या बुंध्याशी पडलेली होती. शुद्धीवर होती. उजवा पाय मांडीपासून असा वळलेला होता की माझ्या मागची एक बाई बघूनच खाली बसली. वरची एक फांदी मोडून लटकत होती आणि तिला लाल लुगड्याची चिंधी अडकलेली होती. जाऊ तिच्या डोक्याशी बसली, पदराने तोंड पुसलं. बाईने आधी पाणी मागितलं. दोन घोट घेतल्यावर तिची नजर माझ्यावर, मग माझ्या बॅगेवर आली.

"ते यंत्र तुहं का गा?"

"हाव, बाई."

"तीन डाव गेला माह्यावरून," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

खाट मागवली, तिला खाटेवर घेऊन बायांनीच जीपपर्यंत खांद्यावरून आणलं. जीपमधून तिला आधी तालुक्याला आणि तिथून चंद्रपूरला नेलं.

इथपर्यंत जे झालं ते अज्ञान आणि माज. माणूस चुकतो, असं म्हणून मी कदाचित ते गिळलं असतं. पण त्यानंतर अर्ध्या तासात मी जे केलं, त्यात चूक नव्हती, ते समजून उमजून केलेलं होतं. जीप निघून गेली, आणि पत्रकार माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, काम झालं तुमच्यामुळं! ती झाडाची क्लिप द्या बरं पटकन." मी त्याला म्हणायला हवं होतं की बाई बायांना सापडली. माझ्यामुळे उशीर झाला. हे दोन वाक्यांचं काम होतं. मी बॅगेतून केबल काढली आणि क्लिप त्याच्या फोनवर टाकून दिली. साहेबांनीही पाठीवर थाप मारली. त्यांनाही वरच्यांना सांगायला काहीतरी हवंच होतं.

दुपारपर्यंत व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता. 'ड्रोनच्या डोळ्याने वाचवला जीव.' झाडावर लाल बाण आणि त्याभोवती फिरणारं वर्तुळ. ते वर्तुळ उजव्या बाजूच्या एका फांदीवर होतं, जिथे बाई नव्हतीच. नुसती थरथरणारी पालवी होती. लोक त्या पालवीला बाई समजून हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. मला माझ्या मावशीचा फोन आला, अभिमान वाटतो म्हणाली.

संध्याकाळी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. एकेक चित्र पुढे सरकवत गेलो. कुसुम आला. धूसर, धूसर, धूसर, आणि मग पूर्ण चित्र. त्यात डाव्या फांदीपाशी एक हात होता. कोपरापासून वर केलेला, मनगटात हिरव्या बांगड्या. पुढच्या चित्रात हात पालवीत मिसळला. नंतरच्या चित्रांत तिथे नुसता लाल लगदा. पुन्हा पूर्ण चित्र आलं, हात दुसरीकडे होता, त्यात पदराचं टोक होतं. ती हलवत होती. यंत्र तिला सेकंदाला एकदा दाखवत होतं आणि मग लगेच पुसत होतं, आणि ते पुसणं मी स्वतःच्या हाताने सेटिंगमध्ये ठरवून दिलेलं होतं. मला बेसिनपर्यंतही जाता आलं नाही, कचऱ्याच्या डब्यातच ओकलो.

तरीही पुढच्या आठवड्यात मी सत्काराला गेलो. तालुक्याच्या सभागृहात शाल, श्रीफळ. त्या बाईच्या नवऱ्याला स्टेजवर बोलावून त्याच्याच हातून मला पुष्पगुच्छ द्यायला लावला. साधा, धानाची शेती करणारा माणूस, त्या दिवशी कामासाठी बाहेरगावी होता. धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता. गुच्छ देताना त्याने माझे दोन्ही हात धरले. "भाऊ, तुमी होते म्हनून," एवढंच म्हणाला. त्याचे हात खरखरीत आणि गरम होते. मी हसलो. फोटोत ते हसू आहे. इतकी वर्षं लोकांना हसा म्हणून सांगत आलो, त्या सगळ्यांत हे सगळ्यांत घाणेरडं हसू.

मे संपता संपता ती चंद्रपूरहून घरी आल्याचं कळलं. मी गेलो. घराच्या छपरीत खाटेवर पडली होती, मांडीत सळई घातलेली. जाऊ शेजारी चिंच फोडत बसली होती. नवरा शेतावर गेला होता. मी खाली बसलो आणि जसं झालं तसं सांगून टाकलं. सेटिंगचंही सांगितलं.

ती छपराकडे बघत म्हणाली, "तो वाघ त कवाच गेला होता."

"म्हणजे?"

"मी झाडावर चढली, तो खाली थोडा वेळ फिरला, मंग निंगून गेला. मी उतरनारच होती. तेवढ्यात तुहं यंत्र आयकू आलं. मले वाटलं, मानसं पाहून राह्यले, आता येतीन. म्हनून वरतंच बसली. हात दाखवला. ते निंगून गेलं. परत आलं, मी पदर हालवला. तरी गेलं. मले वाटलं, पालवीत दिसत नसन मी. म्हनून फांदीवर पुढं सरकली, तिसऱ्या डावाले. तवा फांदी मोडली."

चिंच फोडण्याचा आवाज थांबला होता. ही गोष्ट जावेनेही पहिल्यांदाच ऐकली असावी.

मी त्या पूर्ण चित्राचा एक प्रिंट काढून नेला होता. का नेला, कुणास ठाऊक, कबुलीला पुरावा म्हणून असेल. तिने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"हा माहा हात?"

"हाव."

"बांगड्याही दिसून राह्यल्या." ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. "एवढं दिसते त मंग?"

माझ्या तोंडात पुन्हा तेच वाक्य आलं होतं. खरंच आलं होतं, जिभेच्या टोकावर. इतकी सवय. मी ओठ घट्ट मिटून बसलो.

"तुह्या मालकाले काऊन नाई सांगतलं?" जावेने तिला विचारलं.

"तो खुश होता," ती म्हणाली. "देवासारखा मानून राह्यला याले. मी काय सांगू?"

जाऊ माझ्याकडे वळली. "मी तीस बाया घेऊन गेली. पाय सोलले आमचे. अन् गावातले पोट्टे मले म्हनते, काकू, ड्रोननं वाचवलं. आता हे तूच सांग सगळ्याईच्या समोर. माह्यासमोर सांगून फायदा नाई."

मी आधी पत्रकाराकडे गेलो, व्हिडिओ काढून टाक म्हणालो. तो हसला. चॅनेलला इतकं कधी कुणी बघितलं नव्हतं, आता कोण काढतं? साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी चहा मागवला, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "बाई वाचली ना? मग कशाला उकरता? उद्या चौकशी लागली तर तुम्हीही अडकाल, मीही." त्यांच्या त्या समजूतदार आवाजाचीच मला किळस आली, कारण त्या दिवशी जावेशी बोलताना माझा आवाज हुबेहूब तसाच होता.

ग्रामसभा जूनमध्ये झाली. समाजमंदिरात सतरंजीवर माणसं, दाराशी बाया. घरकुलाचं झालं, नळाचं झालं, मग सरपंच बाईंनी मला बोलायला सांगितलं. मी उभा राहून सांगितलं. बाई ड्रोनने सापडली नाही, तिच्या जावेने आणि गावच्या बायांनी आणली. मला ती दिसत होती, मी ते नाकारलं. तिचा पाय माझ्यामुळे मोडला. बोलायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

कुणी शिवी दिली नाही. ती दिली असती तर सोपं झालं असतं. तिचा नवरा पुढच्या रांगेत बसला होता. तो उठला, चपला शोधून पायात घातल्या आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. मागून एक म्हातारा म्हणाला, "चुकी मानली, बस झालं." दाराशी एकीने मोठ्याने विचारलं, "अन् तो पाय?"

सभा उठल्यावर जाऊ बाहेर उभी होती. मला वाटलं काही बरंवाईट बोलेल. पण ती कामाचंच बोलली. पुढच्या सालापासून मोहाला दहा-दहाच्या टोळीनं जायचं ठरलं होतं, आणि प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी. "तालुक्याले भेटतीन का? पोलिसाजवळ राह्यते तशा. पिलास्टिकच्या नको."

मी आणून दिल्या. पुडा तिच्या अंगणातच फोडला. तिने एक निवडून तोंडात धरली आणि गाल फुगवून फुंकली. शेजारची कोंबडी पंख झाडत पळाली, दोन घरांतून बाया दारात आल्या. छपरीतली बाई खाटेवर कोपर टेकून उठून बसली होती. जावेने शिट्टी पदराला पुसून तिला दिली. तिने ती हातात उलटीसुलटी करून बघितली आणि उशाशी ठेवून दिली.

आता ती काठी घेऊन घरातल्या घरात चालते. मोहाला जाता येत नाही. बाकीच्या आणतात ती फुलं अंगणात वाळवते. तिचा नवरा माझ्याशी अजून बोलत नाही. आठवडी बाजारात समोरून आला तर मीच भाजीच्या ओट्यांमधून दुसऱ्या गल्लीत वळतो.